आठ लेनचं बोलिंग आणि तारण ठेवलेलं घर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा तक्ता तीनदा. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही ४८ वर्षांचे. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, एकरकमी पैसे मिळाले. पत्नीची नोकरी चालू आहे, मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल, घरावर कर्ज नाही. एक मोठी शेड ५ वर्षांच्या कराराने भाड्याने मिळते आहे, तिथे आठ लेनचं बोलिंग सेंटर उभारायचं आहे (लेन म्हणजे पिना पाडायला बॉल घरंगळत सोडतात ती लांब पट्टी). त्यासाठी घर तारण ठेवून ७ वर्षांचं कर्ज घ्यायचा विचार आहे. यंत्रं पुरवणारा या आठवड्यात टोकन मागतोय, नाहीतर सवलत जाईल म्हणतो.

टोकन भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

खरे आकडे छापू नका असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमच्या सगळ्या बचतीला १०० म्हणतो आणि बाकी रकमा त्याच मापात सांगतो. तुमच्या तक्त्यात लेन आणि यंत्रं ९०, अंतर्गत सजावट आणि वातानुकूलन ४५, वीज आणि अग्निसुरक्षा १५, बॉल-बूट-संगणक-फर्निचर १३, भाड्याची अनामत १२, परवाने आणि कागदपत्रं ५. एकूण १८०. त्यातले ७० तुमचे, ११० कर्जाचे, आणि हाताशी ३० शिल्लक. कागदावर सगळं नीट जुळतं.

आता तक्त्यात नसलेलं. लेन जमिनीवर थेट बसत नाही. खाली सांगाडा येतो, त्यामुळे बसायची जागा तेवढी उचलावी लागते किंवा जमीन खोल करावी लागते. वर पातळीची भानगड. अमेरिकेत या खेळाचे नियम ठरवणाऱ्या 'युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस'च्या नियमांत लेनच्या पृष्ठभागाला जेमतेम १ मिलिमीटर चढउताराची मुभा आहे. तुम्हाला स्पर्धा भरवायच्या नसतील, तरी लेन एका अंगाला कललेली असली की लहान पोराच्याही लक्षात येतं, कारण बॉल दर वेळी त्याच बाजूच्या गटरात, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हळीत, जातो. जमिनीचं काम आणि आवाज अडवण्याचं काम मिळून मी १२ धरतो. यंत्रांची वाहतूक, आयात कर, बसवायला येणाऱ्या माणसांचा प्रवास आणि मुक्काम १४. पुरवठादाराच्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'कारखान्यातून उचलून' असं लिहिलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलं. शेड ताब्यात घेतल्यापासून पहिला बॉल पडेपर्यंत आठ महिने धरा. त्या काळाचं भाडं १२ आणि कर्जाचं व्याज ५. उघडण्याआधीचे पगार आणि जाहिरात ५. शिवाय अडीअडचणीसाठी मूळ खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे १८.

ही बेरीज ६६. एकूण झाले २४६, आणि तुमच्याकडे बचत आणि कर्ज मिळून आहेत २१०. म्हणजे मुलीच्या फीसकट सगळं ओतलं तरी दार उघडायच्या आधी ३६ कमी पडतात. अडीअडचणीचे १८ लागलेच नाहीत असं मानलं, तरीही १८ कमी. अर्धवट झालेल्या शेडसाठी कर्ज मागायला जाणाऱ्या माणसाला बँकेत कसं बसवून ठेवतात, ते मी पाहिलंय.

बॉल आणि बूट जुने घेऊन तुम्ही २ वाचवले आहेत. त्याला माझी हरकत नाही, पण दात कोरून पोट भरत नाही. मोठी रक्कम शेडच्या खांबांत अडकली आहे आणि तिकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही.

शेड ६२ फूट रुंद आहे आणि खांबांच्या ओळी २०-२० फुटांवर आहेत, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. मी तिथेच थांबलो. लेन जोडीने विकल्या जातात, कारण बॉल परत आणणारी वाट दोन लेनमध्ये एकच असते. एका जोडीला साधारण साडेअकरा फूट रुंदी लागते. आठ लेन सलग टाकायच्या तर मध्ये खांब नसलेली ४६ फूट मोकळी रुंदी हवी. तुमच्या दोन खांबांमध्ये एकच जोडी बसते आणि आठ-साडेआठ फूट वाया जातात. ६२ फुटांत असे तीनच गाळे, म्हणजे लेन सहा. लांबीचंही मोजून घ्या. फाउल लाइन, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ, तिथपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, अलीकडे धावायला किमान १५ फूट, पलीकडे पिना उभ्या राहण्याची जागा, मग यंत्र, मग यंत्रामागे माणूस फिरेल एवढी बोळ. बसायची जागा धरली की शंभर फुटांच्या आसपास जातं. खांबांचा नकाशा वास्तुविशारदाला दाखवून त्याच्याकडून लेखी घ्या. तोपर्यंत तुमचा आठ लेनचा तक्ता सहा लेनच्या शेडवर उभा आहे.

तरी वादापुरत्या आठ लेन धरू, कारण कमाईच्या बाजूला याहून मोठी चूक आहे.

तुम्ही 'साठ टक्के भरलेलं' असं धरलंय. हा आकडा कुठून आला हे लिहिलं नाहीत. माझा अंदाज, पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून. माझी रीत वेगळी आहे. एक लेन एक तास, याला मी एक लेन-तास म्हणतो. एका माणसाचा दहा फ्रेमचा, म्हणजे दहा पाळ्यांचा, डाव साधारण दहा-बारा मिनिटांत होतो, त्यामुळे पाच जणांचा गट आला की एक लेन जवळपास तासभर अडते. रोज १२ तास, आठवडाभर, आठ लेन. झाले ६७२ लेन-तास. त्यात गर्दीचे तास किती? शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार-रविवारचे भरगच्च तास धरून मी २० म्हणतो, म्हणजे १६० लेन-तास. ते ९० टक्के भरले तर १४४. उरलेल्या ५१२ मधले १५ टक्के भरले तर ७७. बेरीज २२१, म्हणजे ६७२ पैकी ३३ टक्के.

शनिवारी रात्री बाहेर रांग लागते हे खरं, पण रांगेतल्या लोकांना मंगळवारी दुपारी तीनला आणता येत नाही. तुमच्या साठ टक्क्यांत मंगळवारची दुपार भरलेली आहे.

आता पैसे. साठ टक्क्यांवर, बुटांचं भाडं आणि खाण्याचा काउंटर धरून, तुमच्या तक्त्यात महिन्याची कमाई ८.५ आहे. खर्च भाडं १.५, पगार १.६, वीज ०.७, दुरुस्ती आणि विमा ०.५, मिळून ४.३. तुम्ही सांगितलेल्या ११ टक्के दराने ११० चा ७ वर्षांचा हप्ता साधारण १.९ येतो. शिल्लक २.३, आणि त्या रकमेभोवती तुम्ही पेनाने गोल केलाय. पण ३३ टक्क्यांवर कमाई ४.७ च्या आत येते. रोजचा खर्च भागतो, हप्ता भागत नाही. महिन्याला दीडेक कमी पडतो. आणि खाण्याच्या काउंटरवरच्या मालाचा खर्च मी अजून वजाच केलेला नाही. नफा-तोटा सोडा, नुसती बरोबरी साधायला तुम्हाला ४४ टक्के लागतात. सहा लेन झाल्या तर यंत्रांचं बिल उतरेल आणि कर्जही कमी लागेल, पण तेवढ्याच गर्दीवर कमाई ३.९ च्या पुढे जात नाही. भाडं आणि काउंटरवरचे पगार तेच राहतात, म्हणजे हप्ता बाजूलाच, रोजचा खर्चही सुटत नाही.

माझे २० तास आणि १५ टक्के चुकीचे असू शकतात. ते खोडायचे असतील तर तुमच्या पट्ट्यात चालू असलेल्या एखाद्या सेंटरमध्ये दोन शनिवार, दोन मंगळवार आणि दोन गुरुवार बसा. दर तासाला किती लेनवर दिवे लागले ते वहीत लिहा. मी एका ग्राहकासोबत असा शनिवार घालवलाय. संध्याकाळी सात वाजता पाचव्या लेनवर पिन अडकली, यंत्र अर्ध्यात थांबलं. मालक काउंटर सोडून मागच्या बोळात धावला. तेलकट हात, दातात टॉर्च. वीस मिनिटं. तोवर त्या लेनवरचं वाढदिवसाचं टोळकं पैसे परत मागून निघून गेलं. परत आल्यावर तो म्हणाला, "आठवडाभर ही यंत्रं एकदम गुणाची असतात." माझ्या ग्राहकाने त्या रात्री वहीत लेन-तास कमी आणि हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं.

यंत्रांवरून आठवलं. पिना सुट्ट्या पडणारं नवं यंत्र घ्यावं की दोरीला बांधलेल्या पिनांचं, असं तुम्ही विचारलंय. कुटुंबं आणि वाढदिवस हेच गिऱ्हाईक असेल तर दोरीचं घ्या. सुटे भाग कमी, वीज कमी, पूर्णवेळ कारागीर लागत नाही. अनुभवी खेळाडू नाक मुरडतात, कारण पिना वेगळ्या पडतात आणि गुण कमी होतात. पण २०२३ पासून त्याच बोलिंग काँग्रेसने दोरीच्या खेळाला वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली आहे. तुमच्या तक्त्यात मला मनापासून पटलेली ही एकच बचत आहे.

आणि ते वाक्य, 'यंत्रवाली कंपनी स्वतः हप्त्यांवर द्यायला तयार आहे, म्हणजे त्यांना धंद्याची खात्रीच असणार.' असं नसतं हो. पिना आपोआप उभ्या करणारी यंत्रं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आली, तेव्हा एएमएफ ही कंपनी ती भाड्याने देई आणि ब्रन्सविक ही दुसरी कंपनी हप्त्यांवर विकी. उधारी सोपी, म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस जो तो बोलिंग सेंटर काढत सुटला. १९६० नंतर सेंटरं गरजेपेक्षा जास्त झाली, मालकांचे हप्ते थकले आणि ब्रन्सविकला विकलेली यंत्रं परत ओढून आणावी लागली. एएमएफच्या नावाने सेंटरं चालवणारी कंपनी पुढे २००१ आणि २०१२ अशी दोनदा दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. उधार देणारा आपल्या मालाचा खप बघतो. तुमचा मंगळवार तो कशाला बघेल?

करार ५ वर्षांचा आणि कर्ज ७ वर्षांचं, ही जोडी कुठल्याही परिस्थितीत नको. यंत्रं उचलून विकता येतात, जुन्या मालाला बाजार आहे. जमीन, वायरिंग, वातानुकूलनाच्या नळ्या, अग्निसुरक्षा यांतलं फारसं काही सोबत येत नाही. तुमचे जवळपास ७० भाग दुसऱ्याच्या शेडमध्ये कायमचे राहतात. सहाव्या वर्षी शेडमालकाने भाडं दीडपट केलं तर तुमच्या हातात काय असेल? दोन वर्षांचे हप्ते आणि तारण ठेवलेलं घर. दहा वर्षांचा करार, भाडेवाढीचा दर आधीच ठरलेला, आणि बांधकामाच्या काळात भाडं माफ किंवा अर्धं. एवढं मिळत नसेल तर ही शेड तुमच्या धंद्याची नाही.

मग बोलिंग करायचंच नाही का? करा, पण घर मध्ये न आणता. मला दोन वाटा दिसतात. एक, चालू असलेलं पण थकलेलं सेंटर विकत घेणं. नव्या उभारणीपेक्षा ते बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं, आणि तिथे अंदाज बांधावा लागत नाही: गुण मोजणाऱ्या संगणकात किती डाव झाले याची नोंद असते, विजेची बिलं असतात. मालकाने दाखवलेला नफा बाजूला ठेवा, या दोन गोष्टी मागा. देत नसेल तर उठून या. दुसरी वाट, लोकांची वर्दळ आधीच असलेल्या खेळघरात किंवा मॉलमध्ये चार लेन, दोरीच्या यंत्रांच्या, आणि ठरावीक भाड्याऐवजी कमाईत वाटा. आखूड लेन आणि लहान बॉलचं मिनी बोलिंगही त्यात बसतं, त्याला जागा खूप कमी लागते. चार लेन तुमच्या ७० भागांत, कर्जाशिवाय किंवा थोड्या कर्जात बसू शकतात. बसतात का, हे कोटेशन आल्यावर बघू, आणि या वेळी 'कारखान्यातून उचलून' नव्हे, 'बसवून चालू करून' असं लिहिलेलं कोटेशन मागवा.

घर दोघांच्या नावावर आहे, म्हणजे तारणाच्या कागदावर पत्नीची सही लागेल. तुमच्या पत्रात 'तिची हरकत नाही' एवढंच आहे. तिने तक्ता पाहिलाय का? तिचा पगार हाच त्या दीडाच्या खड्ड्यात पडणारा पहिला पैसा आहे. हे पत्र तिलाही वाचायला द्या.

मुलीच्या फीचे १८ तुम्ही शिल्लक ३० मध्येच धरले आहेत. ते आज वेगळ्या ठेवीत टाका, दोन वर्षांच्या मुदतीने, म्हणजे शेड दिसली की हात तिकडे जाणार नाही. घरखर्चाचे वर्षभराचे पैसेही असेच बाजूला काढा. त्यानंतर जे उरेल तेवढंच बोलिंगचं भांडवल.

टोकनची सवलत ४ आहे. पुरवठादाराला कळवा की खांबांच्या नकाशाशिवाय ऑर्डर देता येत नाही. तो तीन आठवडे थांबायला तयार आहे का, ते विचारा. नसेल तर ४ गेले असं समजा. नकाशा आणि सहा दिवसांची वही हाती आली की दोन्ही मला पाठवा, मग आकडे पुन्हा मांडू.