तुरुंगातील डॉक्टर कोणाचा?

प्रश्न : ब्रिटिश काळातील तुरुंगांत आजारी कैद्यांवर उपचार करण्याची कायद्यात तरतूद होती का?

उत्तर : होती, आणि कागदावर तरी ती बरीच तपशीलवार होती. १८९४ च्या तुरुंग कायद्याने प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा ठेवणे बंधनकारक केले होते. कष्टाची कामे करणाऱ्या कैद्याचे वजन किमान पंधरवड्यातून एकदा त्याच्या तिकिटावर (कैद्याच्या नोंदपत्रिकेवर) नोंदवावे, आणि कामाने प्रकृती खालावत असल्याचे डॉक्टरांचे मत झाल्यास ते काम थांबवावे, असेही त्यात म्हटले होते.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. वैद्यकीय अधिकारीच तुरुंगाचा अधीक्षकही असू शकतो, अशी मुभा याच कायद्यात होती. म्हणजे कोलूला (तेलाच्या घाण्याला) कोणाला जुंपायचे हे ठरवणारा आणि त्याची नाडी पाहणारा माणूस एकच असू शकत होता. फटक्यांच्या शिक्षेआधी ‘हा कैदी ती सोसू शकेल’ असा दाखलाही वैद्यकीय अधिकाऱ्यानेच द्यायचा होता. अशा दाखल्याला उपचार म्हणणे कठीण आहे.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये मे १९३३ मधील राजकीय कैद्यांच्या उपोषणाच्या वेळी नळीने बळजबरीने दूध पाजताना ते फुप्फुसात गेल्याने क्रांतिकारक महावीर सिंह यांचा मृत्यू झाला. मोहित मैत्र आणि मोहन किशोर नामदास हेही त्याच उपोषणात दगावले.