शाळेत रोज गड्डा

"कानाचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. मग हाक मारली तर ऐकत का नाही? नाटक करती का काय?"

हा प्रश्न घेऊन येणारे आईबाप मला वरचेवर भेटतात. त्यांतल्या एका मुलीची ही गोष्ट. तिला इथे श्रावणी म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

श्रावणी नऊ वर्षांची, चौथीत. सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडे घर. खाली मालकाचे यंत्रमाग, वर यांच्या दोन खोल्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा सेमी इंग्लिश. वडील, म्हणजे तिचे नान्ना, वीस वर्षं मागावर. आई सांगत होती, "दही आण म्हटलं की वही आणती. सरांनी पान एकोणतीस सांगितलं की हिचं एकोणचाळीस. श्रुतलेखनात तर भोपळाच." (आपल्या मराठी आकड्यांनी अशा मुलांचा फार छळ मांडलाय. एकोणतीस, एकतीस, एकोणचाळीस, एकेचाळीस: मधला एक तुकडा निसटला की दहाचा फरक.)

पहिल्या भेटीत मी चुकले, ते आधी सांगते. मी जे विचारलं त्याला श्रावणी मान हलवून "हो" म्हणाली. शाळा आवडते? हो. कोणता विषय आवडतो? हो. मी वहीत लिहिलं, 'लक्ष टिकत नाही'. खाली आणखी एक शंका लिहिली, 'तीन भाषांचा गोंधळ?' ती तर मला शोभणारीच नव्हती. तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच दमात बोलणाऱ्या पोरांनी अर्धं सोलापूर भरलंय.

निघताना आई चप्पल घालता घालता म्हणाली, "एक गंमत सांगू मॅडम? लाईट गेली की ही एकदम शहाणी होती बघा. एका हाकेत येती."

लाईट गेली की माग बंद, पंखे बंद. मी माझ्या खोलीकडे पाहिलं. डोक्यावर खडखडणारा पंखा, रस्त्याकडची खिडकी सताड उघडी. पुढच्या भेटीत दोन्ही बंद केलं. आम्ही दोघी घामाघूम झालो, पण तेच प्रश्न विचारल्यावर पोरगी घडाघडा बोलली. आवडता विषय परिसर अभ्यास.

मग त्यांना गोंगाटात ऐकण्याच्या चाचण्या करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. नेहमीच्या तपासणीत शांत खोलीत बारीक आवाज ऐकू येतो का एवढंच बघतात, तिथे ही मुलं पास होतात. इथे वेगळं असतं. मागे गोंगाट लावून वाक्यं ऐकवतात. एकाच वेळी डाव्या कानात एक आकडा आणि उजव्यात दुसरा सोडून दोन्ही सांगायला लावतात. आवाजातली क्षणभराची फट ओळखता येते का बघतात. साधारण सात वर्षांच्या आत या चाचण्यांचा भरवसा धरत नाहीत, आणि मुलाला जी भाषा नीट येते तीच वापरावी लागते. श्रावणी गोंगाटात अडली, आणि दोन्ही कानांत एकदम आकडे आले की डाव्या कानातले हरवत होते. निदान आलं ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, थोडक्यात एपीडी. म्हणजे कान आवाज घेतो, पण मेंदूला तो नीट निवडता-उलगडता येत नाही. हा स्वतंत्र विकार मानायचा की लक्ष आणि भाषेच्या अडचणींचाच एक भाग, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. म्हणून भाषेची आणि वाचनाची तपासणीही करून घेतली.

घरात आणखी एक घोळ होता. अव्वांचं, म्हणजे आजीचं, ठाम मत, "बापावर गेलीय." वडिलांनाही कमी ऐकू येतं, ते खरं. पण ते मागाच्या खटखटीचं देणं. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं घेतला तर कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. त्यांचा कानच थकलाय, लेकीचा कान शाबूत आहे. मागाच्या आवाजाने तिला एपीडी झालेला नाही, फक्त त्या आवाजात तिची अडचण दुप्पट होते. वडिलांना त्यांची स्वतःची तपासणी करायला सांगितलं, तर हसून म्हणाले, "माझं काय आता."

मग मुलीला सांगायचं की नाही? दोघंही नको म्हणाले, मनाला लावून घेईल म्हणून. मी श्रावणीलाच विचारलं, "तुला काय वाटतं, असं का होतं?"

"मी मठ्ठ आहे ना."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला माहितीय की."

आईने पदर डोळ्याला लावला. न सांगण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

माझ्याकडे समजावायला एक ठरलेलं उदाहरण होतं: पत्र वेळेवर आलं, पण पोस्टमनने चुकीच्या घरात टाकलं. श्रावणी बघत राहिली. तिच्या घरी पत्र कधी आलेलंच नव्हतं! मग विचारलं, गड्ड्याला जातेस का? संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर भरणारा गड्डा सोलापूरच्या पोराला सांगावा लागत नाही. पाळण्यांचा आवाज, दहा स्टॉलचे दहा भोंगे, पिपाण्या. "तिथे आई शेजारी उभी राहून बोलली तर?"

"कळत नाही. नुसतं तोंड हलतंय दिसतं."

"तुझे कान तिथेही चांगलेच असतात ना?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे शाळेत मला रोज गड्डाच की."

याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

शाळेत मी तिच्या सरांना हेच वाक्य सांगितलं. रिपोर्टची चार पानं त्यांनी बाजूला ठेवली होती, या वाक्यावर मात्र खुर्ची पुढे ओढली. वर्गात ५८ मुलं. तिला खिडकी आणि पंख्यापासून लांब, पहिल्या बाकावर बसवलं. पान नंबर आणि गृहपाठ फळ्यावर लिहायचा. फळ्याकडे तोंड असताना बोलायचं नाही. आणि "समजलं का?" असं तिला विचारायचं नाही, कारण उत्तर "हो"च येतं. शिक्षकांच्या गळ्यात माईक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर अशी यंत्रणाही मिळते, पण ती यांच्या आवाक्याबाहेरची होती. घरी आईने स्वयंपाकघरातून हाका मारणं सोडलं. जवळ जाऊन, खांद्याला हात लावून, मग बोलायचं.

सगळ्यात अवघड होता तो "हो". आम्ही एक खेळ केला: न ऐकता "हो" म्हटलं की वहीच्या शेवटच्या पानावर रेघ. पहिल्या दिवशी अकरा रेघा. "काय?" विचारलं की लोक तेच वाक्य ओरडून सांगतात, म्हणून जेवढं कळलं तेवढं बोलून उरलेलं मागायचं: "सर, एकोण कळलं, पुढचं नाही." महिन्याभरात रेघा दोन-तीनवर आल्या. डाव्या कानाचे सराव ऑडिओलॉजिस्टने दिले होते, तेही चालू होते.

वडिलांनी विचारलं, सर्टिफिकेट मिळतं का? २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत एपीडीचं वेगळं नाव नाही. लर्निंग डिसॅबिलिटीचं आहे, पण श्रावणीच्या तपासणीत ती निघाली नाही.

ऑक्टोबरात आईचा फोन. "आता भांडी घास म्हटलं की म्हणती, मला एपीडी आहे." मला हसू आलं. श्रावणीला म्हटलं, भांडी समोर दिसतात, त्यांना ऐकावं लागत नाही. गृहपाठ वहीत लिहिलेला असेल तर तिथेही एपीडी चालणार नाही. ती ओठ मुडपून हसली. पकडली गेलीय हे तिला पक्कं कळलं होतं.

जानेवारीत आली तेव्हा हातात नवी पिपाणी होती. गड्ड्याला जाऊन आली होती. कसा झाला म्हणून विचारलं.

"मस्त. तिथं सगळेच माझ्यासारखं, काय? काय? करालते," ती म्हणाली. "नान्ना सगळ्यात जास्त."