दूरदेशीची लिची आणि नागपूरचे अंगण

प्रश्न : कळमना बाजारात उन्हाळ्यात येणारी लिची आम्ही लहानपणापासून खात आलो आहोत. अलीकडे चीन, थायलंड आणि हवाई येथील वाणांविषयी वाचून त्यांचा ध्यासच लागला आहे. ‘नुओमीत्सी’ या अगदी बारीक बीच्या चिनी वाणाचे झाड घरामागच्या अंगणात असावे, अशी फार इच्छा आहे. पुतण्या नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. पुढच्या खेपेस तो एखादे गुटी कलम (झाडावरच्या फांदीला मुळे फोडून तयार केलेले रोप) सामानातून आणू शकेल का? आणि ते नागपुरात फळेल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपला ध्यास समजण्यासारखा आहे आणि त्याला मोठी परंपराही आहे. चीनमध्ये त्साय श्यांग या अधिकाऱ्याने 1059 साली फुजियान प्रांतातील लिचीच्या वाणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. ग्वांगझूजवळच्या झेंगचेंग येथील ‘ग्वालू’ वाणाच्या जुन्या मातृवृक्षाचे एक फळ 2002 साली लिलावात साडेपाच लाख युआनहून अधिक किमतीला विकले गेले. ज्या फळासाठी माणसे इतकी किंमत मोजतात, त्याचे झाड आपल्या अंगणात असावे असे वाटण्यात गैर काहीच नाही.

कलम सामानातून आणण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्यावा. परदेशातून रोपे व कलमे आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना घ्यावा लागतो, निर्यातदार देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते आणि मातीसह रोप आणण्यास मनाई आहे. हे नियम आपल्याला जाचक वाटतील. परंतु लिचीच्या बाबतीत त्यांचे कारण डोळ्यांसमोर आहे. पानांच्या मागे तपकिरी, मखमली लव उठवणारी एक सूक्ष्म कोळी कीड कलमांबरोबर सहज प्रवास करते. 2018 साली ती फ्लोरिडातील पाइन आयलंड भागात आढळली आणि तेव्हापासून तेथील बागायतदार तिच्याशी झगडत आहेत. ही कीड भारतात पूर्वीपासून आहे, हे खरे. पण आपल्याकडे नसलेली दुसरी एखादी कीड वा रोग कोणत्या फांदीवर बसून येईल, हे फांदीकडे नुसते पाहून कळत नाही. संत्र्यावर ज्याची उपजीविका आहे, अशा या भागात तर ही काळजी प्रत्येकाने घेतली पाहिजे.

दुसरी अडचण नावांची आहे. चीनमधील ‘ताय सो’ हा वाण मॉरिशसमार्गे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि ‘मॉरिशस’ म्हणून प्रसिद्ध झाला. थायलंडमध्ये तोच ‘होंग हुआय’ या नावाने ओळखला जातो. दुर्मीळ वाणांच्या यादीत ही तिन्ही नावे एकाखाली एक दिसली, तर हौशी माणूस एकाच झाडासाठी तीनदा पैसे मोजण्याची शक्यता आहे. म्हणून वाणाचे नाव ऐकताच त्याचा उगम, फळाचा हंगाम आणि थंडीची गरज या तीन गोष्टी विचाराव्यात, असा माझा आग्रह आहे.

यातली थंडीची गरज नागपूरकराने सर्वांत आधी विचारावी. लिचीला मोहोर येण्यासाठी जुनी पालवी पक्व झालेली असावी लागते आणि त्यानंतर काही आठवडे थंडी टिकावी लागते. रात्री पारा 15 अंशांखाली जाणे तिला मानवते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढ्या थंड असतात. परंतु दुपारचे ऊन चांगलेच तापते आणि त्या उबेने मोहोराऐवजी नवी पालवी फुटण्याचा धोका राहतो. त्यामुळे झाड हिरवेगार असूनही अनेक वर्षे फळ न येणे, ही उष्ण प्रदेशातील लिचीची नेहमीची तक्रार आहे. थायलंडच्या सखल भागात, समुत सोंगख्राम प्रांतात, ‘खोम’ नावाचा वाण पिकतो. त्याला उत्तर थायलंडच्या वाणांपेक्षा कमी थंडी पुरते. परदेशी वाणांत नागपूरसाठी मला सर्वाधिक कुतूहल आहे ते या वाणाचे; परंतु तोही परवान्याच्या रीतसर मार्गानेच यावा.

आपल्याला बारीक बीचे फळ हवे असेल, तर ते देशातच उपलब्ध आहे. ‘बेदाना’ या भारतीय वाणाचे बी आक्रसलेले असते आणि गर भरपूर असतो. मुझफ्फरपूरची सुगंधी ‘शाही’ 2018 साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. तेथेच 2001 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय लिची संशोधन केंद्राने ‘गंडकी संपदा’, ‘गंडकी लालिमा’ आणि ‘गंडकी योगिता’ हे वाण विकसित केले आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ही नावे ऐकली आहेत? दुर्मीळतेची ओढ असणाऱ्याने या वाणांपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

जमिनीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण नागपुरात लिची मरते ती बहुधा मुळांकडून. तिला किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची, पालापाचोळ्याने समृद्ध जमीन हवी असते आणि आपली काळी माती चुनखडीची, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी असते. अशा मातीत पाने पिवळी पडून कडेने करपतात. म्हणून उंच वाफा करून किंवा मोठ्या पिंपात लाल माती, पानांचे खत आणि थोडी वाळू मिसळून कलम लावावे आणि शक्य तेवढे पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. बोअरवेलच्या जड पाण्याने ही सगळी मेहनत हळूहळू वाया जाते. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो तेव्हा फळांची साल भाजते व तडकते. त्यासाठी पश्चिमेकडून शेडनेट आणि नियमित ओलावा हवा. लवकर तयार होणारा वाण निवडला, तर हा मारा काहीसा चुकतो.

प्रश्न : इंटरनेटवरून ‘दुर्मीळ चिनी लिची’चे बियांचे पाकीट मागवले. महिना उलटला, एकही बी उगवले नाही. काय चुकले?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपले काही चुकलेले नाही. लिचीचे बी फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत वाळून मरते, त्यामुळे पाकिटातले सुके बी आपल्या हाती आले तेव्हाच निर्जीव असणार. ताजे बी उगवले असते, तरी त्या झाडाला मूळ वाणासारखेच फळ आले असते याची खात्री नव्हती आणि फळासाठी अनेक वर्षे थांबावे लागले असते. विक्रेत्याकडे पैसे परत मागावेत. पुढच्या वेळी पावसाळ्याच्या सुरुवातीला, मुळे चांगली धरलेले गुटी कलम, वाणाच्या नावाची चिठ्ठी पाहून विश्वासू रोपवाटिकेतून घ्यावे.