हरकती मागवल्या, पण पुढे काय?

प्रश्न : नियामक संस्था नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवतात, अंतिम नियम मात्र बहुधा मसुद्यासारखाच असतो. अशा सहभागाने लोकांचा विश्वास खरोखर वाढतो, की तो निव्वळ सोपस्कार असतो?

उत्तर : दोन्ही घडते. पोलीस आणि न्यायालयांशी संबंध आलेल्या शिकागोतील रहिवाशांच्या अभ्यासातून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी 1990 मध्ये दाखवून दिले, की आपले म्हणणे निःपक्षपातीपणे ऐकून घेतले गेले असे वाटल्यास निर्णय विरोधात गेला तरी लोक कायद्याचा अधिकार मानतात. त्यामुळे मसुदा जसाच्या तसा राहिला, एवढ्यावरून सहभाग फोल ठरवता येत नाही. कोणत्या कलमावर कोणती हरकत आली, ती स्वीकारली की फेटाळली आणि कोणत्या कारणाने, असा तक्ता अंतिम नियमासोबत प्रसिद्ध झाला, तर ज्याची हरकत फेटाळली गेली त्यालाही निदान कारण तपासता येते. अमेरिकेत महत्त्वाच्या हरकतींना उत्तर न देता केलेला नियम न्यायालये रद्द करू शकतात.

खरे नुकसान होते ते निर्णय आधी ठरवून मग मत विचारल्याने. नव्या अणुवीज प्रकल्पांबाबत निर्णयापूर्वी जनतेशी संपूर्ण विचारविनिमय करू, असे ब्रिटिश सरकारने 2003 मध्ये सांगितले होते. परंतु खर्च आणि किरणोत्सारी कचरा यांविषयी लोकांपुढे पुरेशी माहिती ठेवली नाही, म्हणून 2006 ची प्रक्रिया लंडनच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2007 मध्ये बेकायदा ठरवली. सरकारने ती नव्याने केली आणि 2008 मध्ये पुन्हा अणुविजेच्याच बाजूने कौल दिला. कायद्याची अट पूर्ण झाली; संशय मात्र इतक्या सहजी फिटत नाही.

हरकतींच्या संख्येवरही विसंबू नये. इंटरनेट तटस्थतेच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना समान वागणूक द्यावी, या तत्त्वाच्या) नियमांवर 2017 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे सुमारे 2.2 कोटी अभिप्राय आले, आणि न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या 2021 च्या अहवालानुसार त्यांतील जवळपास 1.8 कोटी बनावट होते. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने एकट्यानेच 77 लाखांहून अधिक धाडले होते! शिवाय मोठ्या कंपन्यांकडे मसुदा वाचायला पगारी तज्ज्ञ असतात. ग्राहक, कामगार आणि छोटे व्यावसायिक यांच्याकडे ते नसतात. त्यांच्यापर्यंत नियामकाने स्वतःहून जायला हवे, अन्यथा विचारविनिमय उद्योगाशीच होतो आणि लोकांना तो संगनमतासारखा दिसतो.

आपण हरकत पाठवाल तेव्हा कलमाचा क्रमांक, होणारा परिणाम आणि सुचवलेला पर्यायी मजकूर लिहा. अशी नेमकी हरकत उत्तर न देता बाजूला सारणे नियामकाला जड जाते.