गणपतीला गावी जाताना बंद घर: कॅमेऱ्याआधी चौकट पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर सदनिका आहे, गौरी-गणपतीसाठी दहा दिवस कोकणात जायचे आहे, शेजारच्या इमारतीत नुकतीच भरदिवसा घरफोडी झाली आहे आणि हाताशी असलेल्या पंचवीस हजारांत कॅमेरे बसवावेत की डिजिटल कुलूप घ्यावे, हे ठरत नाही. सोसायटीच्या समितीवर अनेक वर्षे काम करताना घरफोडीनंतरचे दरवाजे मी जवळून पाहिले आहेत. त्या आधारावर माझे स्पष्ट मत असे आहे की, या दोन्हींच्या आधी काही पैसे दरवाज्याच्या चौकटीवर आणि खिडक्यांवर खर्च करावेत.

बंद घर फोडणारा चोर सहसा कुलपाशी झटत बसत नाही. ज्या लाकडात कुलूप अडकवलेले असते, ते लाकूड तो उचकटतो. अशा एका दारावर मी पाहिलेले दृश्य सांगतो. पितळी कुलूप लावलेल्या स्थितीत, अगदी शाबूत, कडीला लोंबकळत होते. कोयंडा मात्र चौकटीतून निघून आला होता आणि त्याचे चार स्क्रू जेमतेम अर्धा इंच लांबीचे होते. कुलूप महागाचे होते आणि ते ज्यावर टिकून होते तो भाग सर्वांत कच्चा होता. शिवाय दाराबाहेर लटकणारे कुलूप घरात कोणी नसल्याचे जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. म्हणून मुख्य दाराला मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीतच बसवलेले कुलूप असेल, तर बाहेरचा कडी-कोयंडा काढून टाका. बाहेरच्या कडीचा आणखी एक तोटा असा की, चोर ज्या मजल्यावर काम करतात तेथील शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आवाज ऐकूनही कोणाला बाहेर येता येत नाही. आपल्या मजल्यावरील सर्व घरांनी हा विचार एकत्र करावा.

आता दार उघडे ठेवून चौकटीकडे नीट पाहा. कुलपाची जीभ ज्या पत्र्याच्या पट्टीत शिरते, ती पट्टी बहुतेक घरांत दोन लहान स्क्रूंवर उभी असते. ती काढून जाड पोलादी पट्टी बसवा आणि तिला लाकडात खोलवर जाणारे अडीच ते तीन इंची स्क्रू मारून घ्या. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटने पक्की भरलेली आहे की वर नुसती पट्टी ठोकून झाकलेली आहे, हेही सुताराकडून तपासून घ्या. चौकट भिंतीत धरून ठेवणारे होल्डफास्ट सैल असतील, तर कोणतेही कुलूप कटावणीपुढे टिकणार नाही. सुताराचे हे काम एका दिवसात होते आणि बाजारातील कोणत्याही चांगल्या डिजिटल कुलपापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मॉर्टिस लॉकची जीभ दोन टप्प्यांत बाहेर येत असेल, तर किल्ली दोनदा फिरवा; घाईच्या वेळी अनेकजण एकदाच फिरवून निघतात. नाईट लॅचच्या, म्हणजे दार ओढताच आपोआप अडकणाऱ्या कुलपाच्या बाबतीत नुसते दार ओढून घेतल्यास फक्त स्प्रिंगची जीभ अडकते आणि ती पातळ पट्टीने मागे सरकवता येते, म्हणून निघताना किल्लीने पूर्ण कुलूप लावणे आवश्यक आहे.

सेफ्टी डोअर असल्यास दोन गोष्टी पाहाव्यात. हे दार बाहेर उघडत असल्यामुळे त्याच्या बिजागऱ्याही बाहेरच येतात, आणि त्यांची पिन ठोकून काढता आली तर कुलूप न उघडताच दार बाजूला होते. पिनांची टोके वेल्डिंग करून बंद करावीत. तसेच जाळीतून हात घालून आतली कडी गाठता येत असेल, तर त्या जागी पत्रा लावून घ्यावा.

तिसरा मजला उंचावर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ड्रेनेजचे पाइप, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा), खिडकीखालचे सज्जे आणि रंगकामासाठी बांधलेली परांची यांच्या साहाय्याने चढणे शक्य असते. स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची खिडकी नेमकी डक्टकडे असते, आणि न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून सहज निघतात. सरकत्या खिडक्यांच्या रुळात मापाची काठी आडवी ठेवावी आणि पल्ला वर उचलून काढता येऊ नये म्हणून वरच्या रुळात दोन स्क्रू बसवावेत. ग्रील लावताना मात्र एक आग्रहाची विनंती आहे: किमान एका खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारा झरोका ठेवा आणि त्याची किल्ली घरातील सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवा. घराला आग लागली आणि मुख्य दाराकडची वाट बंद झाली, तर पक्की जाळी आपल्याच माणसांना आत अडकवते.

यानंतर पैसे उरले तर कॅमेरा जरूर घ्या, पण तो चोर ओळखायला उपयोगी पडतो, दार वाचवायला नव्हे. हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, चोर जाताना उचलून नेतात, त्यामुळे चित्रण इंटरनेटवर साठवणारा कॅमेरा बरा. गावी जाताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि त्याबरोबर राउटर व कॅमेराही बंद पडतो. म्हणून गीझर, पंप आणि इतर उपकरणांचे स्विच वेगवेगळे बंद करावेत. सामाईक मार्गिकेत कॅमेरा लावण्यापूर्वी सोसायटीची परवानगी घ्यावी आणि शेजाऱ्यांचे दार त्याच्या चित्रात येऊ देऊ नये.

किल्ली कुंडीखाली, चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका. चोर आधी तेथेच शोधतो. वृत्तपत्र आणि दूध बंद ठेवा, एका विश्वासू शेजाऱ्याला जाण्या-येण्याच्या तारखा सांगा आणि गावच्या गणपतीचे फोटो परत आल्यावर टाका. लोखंडी कपाटाची किल्ली त्याच खोलीत ठेवणे म्हणजे ते कपाट उघडे ठेवण्यासारखेच आहे.

दागिने शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींएवढी असते. भाडे तीन हजार असेल तर ही रक्कम तीन लाख होते, आणि दागिन्यांची किंमत सहसा त्याहून अधिक असते, हे लक्षात असू द्या. विम्याबाबत तर फार मोठा गैरसमज आढळतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. त्यात चोरीची भरपाई मिळते ती अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीचीच. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि त्यात घर सलग किती दिवस बंद ठेवता येते ही अट आधी वाचावी.

दुर्दैवाने आपण कोकणात असताना शेजाऱ्यांचा फोन आलाच, तर त्यांना आत शिरू देऊ नका. चोर आतच असू शकतो आणि ठसेही पुसले जातात. त्यांनी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे आपल्याला गावच्या पोलीस ठाण्यातही फिर्याद देता येते, कारण हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते आणि विम्यासाठी ती लागतेच. निघण्यापूर्वी प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, बिल आणि हॉलमार्कसोबत कोरलेला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक टिपून ठेवा. सोने न वितळवता सापडले, तर ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तेथे दागिना आपलाच असल्याचे हीच कागदपत्रे दाखवतात. १ एप्रिल २०२३ पूर्वी घेतलेल्या अनेक दागिन्यांवर हा क्रमांक नसतो. त्यांचे फोटो कडी, खडा आणि सांधा ओळखू येईल इतक्या जवळून काढावेत.