सुई, विरजण आणि दोन हजार लिटर पेशी

अठ्ठावीस वर्षं मी जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या उत्पादन विभागात काढली, बरीचशी रात्रपाळीत. डॉक्टर मी नाही. त्यामुळे 'हे औषध घेऊ का' असं विचारणाऱ्यांना उत्तर देत नाही, ते काम तुमच्या डॉक्टरांचं. औषध कसं बनतं आणि बनवणाऱ्यांचं कसं चालतं, एवढ्यापुरते प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : गोळ्या बनवणारी औषध कंपनी आणि 'बायोटेक' कंपनी यांत नेमका फरक काय? मला तर दोन्हीकडे पांढरे कोट घातलेलीच माणसं दिसतात.
— निवृत्त शिक्षक, सांगली

सर, कोट सारखेच असतात. फरक आहे तो औषध कोण तयार करतं यात. ॲस्पिरिनच्या एका रेणूत 21 अणू असतात. रसायनशास्त्रज्ञ तो पायरीपायरीनं जोडतो, आणि सांगलीत जोडला काय किंवा स्वित्झर्लंडमध्ये, रेणू तोच. इन्सुलिनमध्ये 788 अणू. कर्करोगावर किंवा संधिवातावर देतात त्या प्रतिपिंडांच्या औषधांत वीस हजारांहून जास्त. इतकी मोठी, विशिष्ट घड्या पडलेली प्रथिनं किफायतशीरपणे घडवणं आपल्या हातून होत नाही, पेशीला मात्र ते सहज जमतं. म्हणून पेशीत हवं ते जनुक घालायचं, तिला खाऊपिऊ घालायचं आणि तिनं केलेलं प्रथिन गाळून, शुद्ध करून कुपीत भरायचं. बायोटेक कंपनीचं मूळ काम हे.

1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हर्बर्ट बॉयर हे शास्त्रज्ञ आणि रॉबर्ट स्वॉन्सन हा तरुण गुंतवणूकदार भेटले. बॉयरनी दहा मिनिटं दिली होती, गप्पा तीन तास चालल्या. दोघांनी पाच-पाचशे डॉलर घातले आणि जेनेनटेक उभी राहिली. आपल्याकडे किरण मुजुमदार-शॉ यांनी 1978 मध्ये बंगळुरूत बायोकॉन सुरू केली ती पपईच्या चिकापासून विकर काढण्यापासून, औषधं फार नंतर आली. जनुक-तंत्रानं केलेली पहिली भारतीय लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची, हिपॅटायटिस-बी वरची, 1997 ची.

आता मात्र ही भिंत पातळ झाली आहे. गोळ्यांच्या कंपन्यांनी बायोटेक विभाग काढले, आणि बायोटेकवाले गोळ्याही विकतात.

प्रश्न : सासूबाईंना इन्सुलिन सुरू करायचंय. त्या शुद्ध शाकाहारी. कुणीतरी त्यांना सांगितलं की ते डुकरापासून काढतात. तेव्हापासून सुईला हात लावू देत नाहीत. खरं काय?
— गृहिणी, नाशिक

सांगणाऱ्याची माहिती चाळीस वर्षं जुनी आहे, पण खोटी नव्हती. टोरँटोत 1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागला तेव्हापासून साठ वर्षं ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातूनच येत असे. जेमतेम पाव किलो शुद्ध इन्सुलिनला दोन टनांहून जास्त ग्रंथी लागत. खाटीकखान्यातून बर्फात घातलेल्या ग्रंथींच्या गाड्याच्या गाड्या येत.

ऑक्टोबर 1982 मध्ये अमेरिकेत जनुक-तंत्रानं केलेल्या मानवी इन्सुलिनला मंजुरी मिळाली. तंत्र जेनेनटेकचं, उत्पादन एलाय लिलीचं. त्यात इन्सुलिनचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घातलेलं असतं. दुसऱ्या काही कंपन्या यीस्ट वापरतात, पाव फुगवतात त्याच जातीचं. हल्ली सर्रास मिळणारं मानवी इन्सुलिन यापैकीच एखाद्या पद्धतीनं केलेलं असतं. खोक्यावर 'आर-डीएनए ओरिजिन', म्हणजे जनुक-तंत्रानं केलेलं, असं छापलेलं असतं, ते सासूबाईंना दाखवा. जनुक माणसाचं, राबणारे जिवाणू किंवा यीस्ट, डुक्कर कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगू नका. कित्येक कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून येतं. त्याबद्दल कधी कुणी कॅप्सूलला नाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे, हर-टू पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी ट्रास्टुझुमॅब सांगितलं आणि भारतीय कंपनीचं 'बायोसिमिलर' घेतलं तरी चालेल म्हणाले. ते बरंच स्वस्त आहे. 'सिमिलर' म्हणजे डुप्लिकेट का? आईच्या बाबतीत पैसे वाचवल्यासारखं वाटतंय, त्याची बोचणी लागलीय.
— वाचक, नागपूर

आधी बोचणी काढून टाका, मग पुढचं वाचा. बायोसिमिलर म्हणजे मूळ औषधाबरहुकूम दुसऱ्या कंपनीनं आपल्या पेशींकडून करून घेतलेलं औषध.

तुमच्या घरी आणि शेजारी एकाच डेअरीचं दूध येतं. विरजणही तुम्ही त्यांच्याकडूनच मागून आणता. तरी दही तंतोतंत सारखं लागत नाही. भांडं वेगळं, दूध कोमट किती ते वेगळं, रात्रीची थंडी वेगळी. दही दोन्हीकडचं दहीच असतं, कढी दोन्हींची होते. जिवंत पेशीकडून काम करून घेतलं की असंच होतं. ट्रास्टुझुमॅब बनवणाऱ्या पेशी मूळच्या चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांडकोशातल्या. 1957 पासून त्या प्रयोगशाळांत वाढवल्या जात आहेत. त्या पेशी प्रथिनावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या चिकटवतात, आणि त्या प्रत्येक कारखान्यात थोड्या इकडेतिकडे होतात. मूळ कंपनीच्या स्वतःच्या दोन बॅचही अगदी एकसारख्या नसतात. म्हणून जेनेरिक गोळीला 'तेच औषध' म्हणता येतं, तसं इथे कायदा म्हणू देत नाही. 'सिमिलर' शब्द त्या प्रामाणिकपणातून आला आहे.

किती इकडेतिकडे चालेल, याला मात्र सक्त मर्यादा आहे. भारतात यासाठी 2012 मध्ये मार्गदर्शक नियम आले आणि 2016 मध्ये सुधारले गेले. मूळ औषध शेजारी ठेवून रेणूची रचना, पेशींवरचा परिणाम, मग रुग्णांवरची चाचणी, असं सगळं दाखवावं लागतं. बायोकॉननं भागीदार कंपनीबरोबर केलेलं ट्रास्टुझुमॅब भारतात 2014 च्या सुरुवातीला आलं, आणि डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, मंजूर केलेलं पहिलं ट्रास्टुझुमॅब बायोसिमिलर तेच ठरलं. मूळ औषध तिथे 1998 पासून होतं.

मग ते स्वस्त का, आणि गोळीइतकं स्वस्त का नाही? दुसऱ्या भागाचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली एक मिलिलिटरची कुपी काढायची, पेशी आधी काचेच्या फ्लास्कमध्ये, मग दहा लिटर, मग दोनशे, मग दोन हजार लिटरच्या टाकीत न्यायच्या. यातच महिना जातो. मोठ्या टाकीत आणखी दोन आठवडे. पेशी वाढवण्याच्या भागाला आम्ही 'अपस्ट्रीम' म्हणतो आणि प्रथिन गाळून शुद्ध करण्याच्या भागाला 'डाउनस्ट्रीम'. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, ते असो.

एका कंपनीत अशाच एका बॅचचा अकरावा दिवस होता. पहाटेचे तीन. स्क्रीनवर प्राणवायूची रेघ सरळ चालली होती, ती कडेलोट व्हावी तशी खाली आली. 'डीओ (विरघळलेला प्राणवायू) पडला' एवढंच ऑपरेटर म्हणाला, पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. थेंबभर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आमच्या गोल, शहाण्या पेशी दिसत होत्या आणि त्यांच्या मधून वळवळणाऱ्या बारीक काड्या. जिवाणू. दोन हजार लिटर वाफेनं मारून सोडून द्यावे लागले. तीन आठवड्यांनी कारण सापडलं : एका झडपेतला रबरी पडदा, जेमतेम हाताच्या पंजाएवढा. अशा बॅचचे पैसे पुढच्या चांगल्या बॅचमधूनच निघतात.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं. बायोसिमिलरवाल्यांना नवा रेणू शोधावा लागत नाही आणि फसलेल्या दहा रेणूंचा खर्च भरून काढायचा नसतो. आईंसाठी खरेदी करताना अधिकृत औषध दुकानातूनच घ्या, पक्कं बिल घ्या आणि बॅच क्रमांक लिहून ठेवा. खरा डुप्लिकेटचा धोका तिथे असतो, 'सिमिलर' शब्दात नाही.

प्रश्न : या सगळ्या औषधांच्या शेवटी 'मॅब' का असतं?
— फार्मसीची विद्यार्थिनी, कराड

'मोनोक्लोनल अँटीबॉडी'ची आद्याक्षरं, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली, एकसारखी प्रतिपिंडं. त्याच्या आधीचं अक्षर मूळ सांगतं : 'झिमॅब' किंवा 'क्सिमॅब' म्हणजे थोडा उंदीर थोडा माणूस (इन्फ्लिक्सिमॅब), 'झुमॅब' म्हणजे बहुतांश माणूस (ट्रास्टुझुमॅब), 'उमॅब' म्हणजे पूर्ण माणूस (अडालिमुमॅब). 2017 नंतरच्या नावांत ही खूण देत नाहीत, तेव्हा परीक्षेत जपून. अशी प्रतिपिंडं बनवण्याचं तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये केंब्रिजला काढलं. त्याचं पेटंट ब्रिटिशांनी घेतलंच नाही, नोबेल मात्र 1984 मध्ये मिळालं.

प्रश्न : बायोटेक कंपन्यांचे शेअर्स घ्यावेत का? मुलगा म्हणतो, पुढचा जमाना त्यांचाच.
— वाचक, ठाणे

शेअर्सबद्दल मी सल्ला देत नाही, दोन गोष्टी सांगतो. 14 ऑक्टोबर 1980 ला जेनेनटेकचा शेअर बाजारात आला. 35 डॉलरचा भाव तासाभरात 88 वर गेला. तेव्हा कंपनीचं एकही औषध बाजारात नव्हतं. लोकांनी आशा विकत घेतली होती, आणि या धंद्यात आजही बरेचदा तीच विकली जाते. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी नऊ बाजारात येत नाहीत.

दुसरी गोष्ट टेजेनेरो या छोट्या जर्मन कंपनीची. तिच्याकडे टीजीएन 1412 नावाचं एकच होतकरू प्रतिपिंड होतं. प्राण्यांमध्ये ते सुरक्षित ठरलं होतं. मार्च 2006 मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना ते दिलं, माकडांना चाललेल्या मात्रेच्या पाचशेवा भाग. एकाला दिल्यावर दहाच मिनिटांनी दुसऱ्याला. दीड तासाच्या आत सगळे थरथरायला लागले आणि मग एकेक अवयव बंद पडत गेला. सहाही जण वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. आता असं नवं औषध आधी एकालाच देतात, थांबतात, मग पुढच्याला. मुलाला एवढंच विचारा की त्याच्या आवडत्या कंपनीकडे औषधं किती, की एकच.

प्रश्न : आयआयटी मुंबईची कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती काकांना लागू पडेल का? त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे.
— वाचक, चंद्रपूर

तुम्ही म्हणता ती कार-टी, नेक्सकार-19. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून निघालेल्या इम्युनोॲक्ट कंपनीची. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपतींच्या हस्ते ती सुरू झाली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, प्रयोगशाळेत त्यांना एक जनुक देऊन 'सीडी-19' ही खूण ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि परत त्याच रुग्णाला देतात. दुसऱ्याला ती कुपी निरुपयोगी. एका माणसासाठी एक बॅच, म्हणून 2024 मध्ये खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात होता. अमेरिकेत 2017 मध्ये आलेल्या पहिल्या अशा उपचाराची नुसती औषधाची किंमत 4,75,000 डॉलर होती.

पण सीडी-19 ही खूण बी-पेशींवर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच दुसऱ्या एका प्रकारावर असते. म्हणून हा उपचार रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी, तेही आधीचे उपचार हरल्यावर. फुफ्फुसाच्या गाठीवर ती खूण नसते. काकांना तो लागू नाही. कुणी 'सोय करून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नका. त्यांच्या गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत तिच्यावरून थेट गोळी निवडता येते.

प्रश्न : गावी वीज सारखी जाते. इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवलं तर जास्त टिकेल ना?
— शेतकरी, तालुका माण

नको, तेच सगळ्यांत वाईट. बर्फ झाला की प्रथिनाच्या घड्या मोडतात आणि वितळल्यावर ते दिसायला जसंच्या तसं असतं, एवढीच पंचाईत. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंशांत, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत 25-30 अंशांपर्यंत साधारण चार आठवडे चालते, खोक्यावरचा आकडा बघून घ्या. माणच्या उन्हाळ्यात घर तेवढं थंड राहणार नाही. एका मातीच्या मडक्यात दुसरं लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि कुपी आतल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डब्यात. वाळू दिवसातून दोनदा भिजवा. फ्रीजरमध्ये आधीच कुप्या ठेवल्या असतील तर त्या वापरू नका.