खांदा बरा झाला, ब्रेक काही सुटेना

ताई,
मी ४१ वर्षांचा, मुलुंडला राहतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात येऊरच्या डोंगरवाटेवर सायकलवरून पडलो आणि उजवा खांदा निखळला. पुढे लोकलमध्ये रॅकवरची बॅग काढताना पुन्हा निखळला. जानेवारीत ऑपरेशन झालं, हाडाचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवलाय. आता डॉक्टर म्हणतात, चालवा. बायको म्हणते, सायकल घरात दिसली तर मी माहेरी जाईन. म्हणून सायकल मित्राच्या पार्किंगमध्ये ठेवलीय, आणि रविवारी ‘वॉकला जातो’ सांगून निघतो. पण उतारावर साधा दगड दिसला तरी दोन्ही ब्रेक करकचून दाबतो. लोकलमध्ये अजून डाव्या हातानेच कडी धरतो. बायकोला कसं समजावू? की सायकल विकूनच टाकू?
– चोरून चालवणारा

तुमचं मूळ पत्र चार पानी होतं, इथे कापून छापलंय. त्यातली साडेतीन पानं बायकोची तक्रार. ब्रेकबद्दल एक ओळ, कडीबद्दल एक. माझं लक्ष त्या दोन ओळींतच अडकलं.

कडी धरायला हात कसा जातो बघा. कोपर वर, हात बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि गाडीने हिसका दिला की अंगाचा सगळा भार त्यावर. खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि त्याला सगळ्यात जास्त धोका हात असा असतानाच असतो. डॉक्टर तपासताना हात असाच वर-बाहेर वळवतात आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतात. दुखतंय का एवढंच नाही, तो दचकतोय का, हात आखडून घेतोय का, हे त्यांना बघायचं असतं. त्या तपासणीचं इंग्रजी नावच मुळी धास्तीवरून पडलंय. तेव्हा घाबरतो म्हणून लाजू नका, पण ते डॉक्टरांपासून लपवूही नका. एक्सरे पाहून ‘हाड जुळलंय, चालवा’ एवढंच बोलणं झालेलं दिसतंय. परत जा, कडीचं सांगा. फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही खांद्यांची ताकद मोजून घ्या. अशा ऑपरेशननंतर हात बाहेरच्या बाजूला पूर्वीपेक्षा जरा कमी वळला तर चालतं. हात वर नेताच आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं तर मात्र चालत नाही. तसं असेल तर तूर्त सायकल राहू द्या, आणि कडीही डाव्याच हाताने धरा.

खांदा घट्ट निघाला तर उरलेली भीती डोक्यातली, पण तीही माणसाला पाडते. घाबरलेला माणूस कोपरं ताठ करतो, मग दगडाचा प्रत्येक हादरा थेट खांद्यात. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की मागचं चाक उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे. पुढे पडताना हात आपोआप जमिनीकडे जातो. त्यानंतरचं तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून सुरुवात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात करा, कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावर. चढ दमवेल, पण तुमची शिकवणी उतरताना आहे. कोपरं सैल आणि बाहेर वाकलेली, भार पायांवर, दोन्ही पेडल एका पातळीत, ब्रेकवर एक-दोनच बोटं, नजर दगडावर नाही तर दगडापलीकडच्या वाटेवर. महिनाभर एवढंच. कंटाळा येईल, येऊ दे. येऊरच्या पायवाटा दसऱ्यापर्यंत विसरा. ओल्या कातळावरच्या शेवाळावर धडधाकट खांद्याची माणसंही घसरतात. हेल्मेट आणि पॅड हवेतच, पण खांदा निखळायचा तो त्यांनी थांबत नाही. जवळपास ज्युदोचा क्लास असेल, तर फिजिओने होकार दिल्यावर महिनाभर जा. तिथे आधी पडायलाच शिकवतात, हात रोवायचा नाही, अंग गोल करून लोळायचं.

आता बायको. ‘ती माझा छंद समजूनच घेत नाही’ असं तुम्ही तीनदा लिहिलंय. हात झोळीत असताना सहा आठवडे शर्टाची बटणं कोणी लावली, हेही तुमच्याच तिसऱ्या पानावर आहे. माझा खांदा आखडला होता तेव्हा शेजारीण वेणी घालून द्यायची. दहाव्या दिवसापासून तिच्या फणीला जी घाई सुटली, ती माझ्या डोक्याला अजून आठवते! तुमच्या बायकोने हे सगळं नोकरी सांभाळून केलं. दोन्ही वेळा फोन तिलाच आला, तोही अनोळखी नंबरवरून. एखाद्या रविवारी तिसरा आला, तर तुम्ही पडलात आणि तुम्ही खोटं बोलत होतात, हे तिला एकदमच कळेल.

रागावणार नसाल तर सांगते, तिचा विरोध तुमच्या पथ्यावर पडलाय. ग्रुपमध्ये ‘घरून परवानगी नाही’ म्हटलं की चारजण हसतात आणि विषय संपतो. ‘मला भीती वाटते’ म्हणायची वेळच येत नाही.

तर तिला समजावायला जाऊ नका. डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवलात की घराचं कोर्ट होईल. आधी चोरून चालवत होतो ते कबूल करा, मग ब्रेकचं सांगा, कडीचं सांगा. फिजिओकडे तिला बरोबर न्या आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. तुमच्यापेक्षा नेमके असतील, पैज लावते. सांगितल्यावर अबोला होईल. कदाचित बॅगही भरली जाईल. पण माहेर भांडुपला आहे हे वाचल्यामुळे मी फारशी घाबरलेली नाही.

राहिली सायकल. सध्या विकू नका, भर पावसात भाव येत नाही. दिवाळीपर्यंत उजव्या हाताने कडी धरून घाटकोपरपर्यंत जाता आलं, तर मला पुन्हा लिहा. नाही आलं तरी लिहा.